पुलावरची गोष्ट

सहलीच्या बसमध्ये माइक हातात आला की गाइडबाईंना कंठ फुटायचा. एरवी त्या मोजकंच बोलत. घर म्हणजे दोन सहलींच्या मध्ये कपडे धुऊन वाळत घालायची खोली, तिथे बोलणार तरी कुणाशी?

मोठ्या नदीवरचा जुना पूल आला की त्या हमखास सांगत, लहानपणी वडिलांनी मला खांद्यावर बसवून हा पूल ओलांडला होता. खाली बघू नकोस म्हणाले, आणि मी नेमकं खालीच बघितलं. लोक हसत. एखाद्या आजोबांचे डोळे भरून येत.

यंदा त्यांची थोरली बहीण पहिल्यांदाच सहलीला आली. नवरा गेल्यापासून ताईने घर सोडलं नव्हतं. बाईंनीच गळ घालून तिला आणलं, पुढच्या सीटवर बसवलं. पूल आला, गोष्ट झाली, लोक हसले. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत सुजलेले पाय चेपता चेपता ताई म्हणाली, "छकू, बाबा आपल्याला टाकून गेले तेव्हा तू रांगतसुद्धा नव्हतीस गं."

बाईंनी हसून वेळ मारून नेली. लोकांना असं काहीतरी लागतं, एकदा सहज जोडलं आणि तोंडात बसलं, असं सांगताना त्या आतून चरकल्या. कारण ते खांदे त्यांना खरंच आठवत होते, शर्टाच्या खरखरीत कॉलरसकट. उलट, लहानपणीच्या खऱ्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं, ते काही केल्या आठवेना. एवढ्या माणसांना गावोगाव हिंडवून आणलं, आणि आपण स्वतः कुठे राहिलो, हेच त्यांना सांगता येईना.

"मग मला उचलून कोण घ्यायचं?"

"मी. आणखी कोण होतं? चांगली जडशीळ होतीस. अर्ध्या वाटेत झोपायचीस आणि लाळेने माझा खांदा भिजवायचीस."

बाई रडल्या, ताईने रडू दिलं.

परतीच्या वाटेवर पूल आला तेव्हा तो कधी बांधला गेला तेवढं त्यांनी सांगितलं, ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितली आणि ताईशेजारी जाऊन बसल्या.

आता सहल संपली की त्या बॅग घेऊन थेट ताईकडे जातात. जुनं सगळं खोदून खोदून विचारतात. ताईलाही धड आठवत नाही. अंगणातला हौद डावीकडे की उजवीकडे, यावरून परवा दोघींचं चांगलंच वाजलं.