रिव्हर्सचा दिवा आणि सोमलाची बडबड

अडतीच्या गोदामावर काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. लॉरी येईपर्यंत सगळे पोत्यांवर बसून असतात, आणि बसलेला माणूस बोलतो. मी एवढंच करतो, की ऐकलेलं त्याच दिवशी वहीत उतरवतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर त्यात सांगणाऱ्याची भर पडलेली असते!

खालचे किस्से जर्मनची दुसरी लढाई संपल्यानंतरच्या एका हळदीच्या हंगामातले आहेत. सगळे आमच्या हिंगोलीच्या गोदामातल्या एकाच गाडीचे. गाडी म्हणजे पुढं दोन माणसांची बैठक आणि मागं लाकडी हौदा अशी छोटी मालमोटार. चालवायचा रसूलभाई. आणि ती मागं घ्यायची झाली की खाली उतरायचा सोमला.

सोमला कनेरगावाकडच्या तांड्यावरचा. त्याच्या बापानं लमाणी बैलांवरून मीठ वाहिलं होतं. गाडी मागं घेताना बाकीचे लोक "आने दो, आने दो" करतात. सोमला तसलं काही म्हणत नसे. तो गाडीच्या मागं उभा राहून नुसता बोलत राही. पोरीच्या सासरचं, म्हशीच्या खोडीचं, काहीही. तो बोलतोय तोवर गाडी यायची. तो गप झाला की रसूलभाईचा पाय ब्रेकवर.

"असं उलटं काहून?" मी एकदा विचारलं.

"नाना, मानूस कुठं पडला-झडला तं गपच होते ना," सोमला म्हणाला. "बापाचे बैल असेच चालत. बोलनं थांबलं की उभे!"

हिशोब चोख होता. त्यात एकच चूक होती, ती पुढं कळली.

*

एका खेड्यात हळद भरायला गाडी अंगणात मागं घ्यायची होती. सांज झालेली. सोमला कंदील घेऊन, गाडीकडे तोंड करून, बोलत बोलत उलटा चालला होता. मागं उकिरड्याचा खड्डा होता. सोमला त्यात गेला.

आता पडलेला माणूस गप होतो, हे बैल हाकणाऱ्याच्या बाबतीत खरं असेल. सोमलाला मात्र पडल्यावर दुप्पट कंठ फुटला! खड्ड्यातून त्यानं घरमालकाला, त्याच्या म्हशींना आणि उकिरडा तिथं खोदणाऱ्याला जे सुरू केलं, ते थांबेचना. आणि तो थांबेना म्हणून गाडीही थांबेना!

चाक काठावर आलं तेव्हा सोमलाचा दम संपला. गाडी उभी राहिली.

वर काढल्यावर तो रसूलभाईच्या अंगावर गेला. "अरे, मी बोंबलून राहिलो न् तू येऊनच राहिला?"

रसूलभाईनं शांतपणे विडी शिलगावली. "पडला तं गप पडायचं ना, बाबा!"

*

कनेरगाव नाक्यावर तेव्हा निजामाची हद्द संपे आणि पलीकडं वऱ्हाड लागे. वाशीमहून रिकाम्या पोत्यांची गठडी घेऊन गाडी आली, आडवा बांबू ओलांडून आत शिरली, कागद झाले. एवढ्यात नाक्यावरचा मुन्शी म्हणाला, "समोरून आलेली बैलगाडी अडून राहिली. जरा मागं घेऊन बाजूला लावा."

सोमला उतरला. मुन्शीनं सहज विचारलं, "काय रे, कोणत्या तांड्याचा?"

सोमला सांगू लागला. मग बापाचं नाव, आज्याचं नाव, आज्याचे बैल किती होते... मुन्शी रसिक माणूस, तोही विचारत राहिला. सोमला थांबला तेव्हा गाडीचं मागचं अंग बांबूच्या पलीकडं, वऱ्हाडात!

मुन्शीनं वही उघडली. "माल बाहेर गेला. आता परत आणायला नवीन कागद लागतील."

"साहेब, गाडीचं तोंड हिंगोलीकडंच हाय," रसूलभाई म्हणाला.

"माल तोंडात भरता का? माल मागं हाय, अन् मागचं अंग वऱ्हाडात हाय!"

नवे कागद होईपर्यंत दिवस मावळला. सोमलाला मुन्शीनं चहा पाजला, हे वहीत मुद्दाम लिहून ठेवलं आहे.

*

हे कानावर आल्यावर आमच्या गोदामाच्या मालकांनी ठरवलं, की ही बडबड बंद. गाडीच्या मागं तेव्हा लाल काचेचा एक मिणमिणता दिवा होता. तो गाडी आहे एवढंच सांगे. मालकांनी अकोल्याला एका मोटारीला मागं पांढरा झगझगीत दिवा पाहिला होता. मागं जाताना सगळं लख्ख दिसतं म्हणे.

त्यांनी पोत्यांवर बसलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं. "मिस्त्री दिवा बसवेल. पाडव्यापर्यंत बघू. दिव्यानं भागलं, तर सोमला, तू आपला तांड्यावर राहा."

तांड्यावर राहून करायचं काय, हे मालकांनी सांगितलं नाही. सोमलाला जमीन नव्हती, पाठीच्या दुखण्यानं पोतं उचलत नव्हतं, आणि घरात खाणारी चार तोंडं होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमला "बरं" म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला, म्हणून तेही लिहून ठेवलं.

*

आमचा मिस्त्री खरा सायकली आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणारा. त्यानं मिलिटरीच्या भंगारातून दोन दिवे पैदा केले आणि स्विच रसूलभाईच्या गुडघ्यापाशी बसवला. संध्याकाळी सगळे जमले. स्विच दाबला, मागचे दिवे लखलखले, पोरंबाळं ओरडली. आणि पुढचे दिवे पिवळे होत होत विझून गेले!

मिस्त्रीनं बॅटरीला हात लावून पाहिला. "मालक, पुढं पाहायचं का मागं, एक ठरवा!"

मालकांनी मोठी बॅटरी आणवली. ती जुन्या जागी मावेना, म्हणून बैठकीखाली बसवली. बैठक चार बोटं उंच झाली. पहिल्याच खड्ड्यात रसूलभाईचं डोकं टपाला लागलं.

"कमाल हाय," तो कपाळ चोळत म्हणाला. "दिवा मागं अन् टेंगूळ पुढं!"

*

दिव्यांच्या काचा रोज सोमलाच पुसायचा. पटक्याच्या टोकानं, तोंडाची वाफ देऊन देऊन. मिस्त्रीला राहवेना.

"सोमला, तुझ्या पोटावर उठलेला दिवा हाय तो. त्याला काहून चमकवून राहिला?"

"गाडीचं मागलं काम माझं हाय," सोमला म्हणाला. "पाडव्यापर्यंत."

*

स्विच हातानं बंद करावा लागे, आणि रसूलभाई तो विसरे. एकदा हिंगोलीहून निघतानाच मागचे दिवे चालू राहिले. दुसऱ्या दिवशी एक गाडीवान तावातावानं गोदामात आला.

"तुमची मोटार काल दिस बुडताना वाशीम रस्त्यावर व्हती का?"

"व्हय. काय झालं?"

"समोरून दोन दिवे दिसले. मोटार येऊन राहिली म्हनून म्या बैलं खाली वावरात घातले. उभा राहिलो. बैलं कावले, बायको कावली. मोटार काही येतच न्हाई! दिवे उलटे बारीक होऊन राहिले!"

"मग?"

"मग काय मग? बायको म्हने, तुमाला पाहून माघारी गेली असंल!"

*

पाडवा आला. मालक स्वतः परीक्षा घ्यायला आले. दिवेलागणीची वेळ. रिकामी गाडी अंगणाच्या फाटकातून मागं घेत गोदामाच्या ओट्याला लावायची होती. ओटा दगडी, नुकताच बांधलेला. मी त्याच ओट्यावर उभा होतो.

मालकांनी सोमलाला फाटकाजवळच्या लिंबाखाली उभं केलं. "तिथंच थांब. तोंडातून शब्द काढायचा न्हाई!"

सोमला हाताची घडी घालून उभा राहिला. हमाल, मिस्त्री, सगळे गप. मालक रसूलभाईच्या शेजारी चढून बसले आणि मागच्या झरोक्यातून पाहण्यासाठी गुडघ्यांवर उलटे वळले.

स्विच दाबला. अख्खं अंगण उजळलं.

"वा!" मालकांचा आवाज इंजिनावरून ऐकू आला. "काय उजेड हाय! रसूल, मिलिटरीचा माल तो मिलिटरीचाच! फाटक दिसलं. ती कोंबडी दिसली. पोत्यावरची शिवण दिसून राहिली बघ..."

गाडी सरळ रेषेत मागं येत होती. मालकांचा आनंद मावत नव्हता.

"आता ह्याला म्हनतात सोय! उगी मानूस मागं उभा करून बडबड ऐकायची! नाना दिसला बघ ओट्यावर, त्याच्या हातातली वही दिसली, ओट्याचा दगड..."

ओट्याचा दगड त्यांना फारच जवळ दिसला असावा. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

गाडी थांबली. मी वाकून मोजलं. ओट्यापासून एक वीत.

हमालांनी टाळ्या पिटल्या. लिंबाखाली सोमलानं मान खाली घातली. मालक घाम पुसत उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहिलं? मानूस न्हाई, बोलनं न्हाई! रसूल, दिव्यात सगळं बराबर दिसलं ना तुला?"

रसूलभाई अजून स्टिअरिंग धरून समोरच पाहत बसला होता.

"मला काय दिसनार, मालक? इतक्या वर्षांत मी कधी मागं पाह्यलं?"

"मग थांबला कसा?"

"तुमी बोलून राहिले तवर आलो. तुमी गप झाले, म्या थांबलो."

मालकांनी ओट्याकडं पाहिलं, दिव्यांकडं पाहिलं, माझ्या वहीकडं पाहिलं. सोमला लिंबाखालून सावकाश चालत आला आणि अदबीनं दोन हात अंतरावर उभा राहिला.

"मालक, उद्या पहाटी गाडी सेनगावला जानार हाय," तो म्हणाला. "तुमी येता का मी येऊ?"