सागवानी मोटार

घरात आले की पॉलिशवाले काका खुर्चीवर बसत नसत; आधी खुर्चीला भेटत. डोळे मिटायचे, उजव्या हाताची बोटं उलटी करून खुर्चीच्या दांड्यावरून सावकाश फिरवायची, आणि डोळे न उघडताच म्हणायचं, "आधी काढाव लागते. मंग लावाव लागते."

काढायचं म्हणजे जुनं पॉलिश, मळ, पाहुण्यांच्या डोक्यांचं तेल. बाकीचे पॉलिशवाले मळावरच नवा हात मारून दुपारपर्यंत मोकळे होत. यांना सहा खुर्च्या आणि एका टेबलाला आठ दिवस लागायचे. सासूबाई कुरकुरत, पण बोलवायच्या त्यांनाच. दसऱ्याला मात्र कोणी पाया पडलं तरी ते कामाला येत नसत. पांढरे कपडे घालून, बायकोला घेऊन दीक्षाभूमीवर जात.

आमच्याकडे त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप न्हाणीघरात वेगळा ठेवलेला असे. त्या कपाकडे त्यांनी कधी बघितलंसुद्धा नाही. चहा आला की पिशवीतून आपला पितळी गिलास काढायचे आणि म्हणायचे, "आपला हाय." मला वाटायचं, काय बाई स्वच्छतेचं वेड! म्हणजे मी केवढी हुशार होते ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

या हुशार मुलीची ओळख करून देते. वय बावीस. वाईहून नागपूरला सून म्हणून येऊन पाच महिने झालेले. मासिकांतले घरगुती उपाय वहीत उतरवून घेण्याची खोड. नागपूरचं ऊन अजून पाहायचं होतं. ते त्या एप्रिलात पाहिलं.

सत्तर सालच्या आगेमागेची गोष्ट. सासूबाईंचं ऑपरेशन होऊन त्या रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. आमचे हे तेव्हा एका मोठ्या वकीलसाहेबांकडे नवे ज्युनियर. साहेबांनी स्वतःहून आपली मोटार दिली. ही मोटार म्हणजे साहेबांचा जीव. रंग दुधावरच्या सायीचा. ती ते स्वतःच्या हातानं धूत, नोकराला हात लावू देत नसत. यांच्या आधीच्या ज्युनियरनं तिच्या टपावर फायली ठेवल्या, तेव्हापासून तो ज्युनियर दुसरीकडे काम शोधत होता. हे मला आधीच सांगितलं होतं, म्हणजे मी अजाण होते असंही नाही.

सकाळी दहाला सासूबाईंना आणून निजवलं. गाडी अंगणात कडुनिंबाखाली लावून हे सायकलवर कोर्टात गेले. संध्याकाळी पाचला येऊन ती साहेबांकडे पोचवणार होते. ओसरीवर पॉलिशवाल्यांचं काम चाललं होतं. दुपारी बाराला स्पिरिट आणायला तेही इतवारीच्या बाजारात गेले. ओसरीवर त्यांचा पॉलिशचा डबा उरला. आणि मी.

माझ्या मनात आलं, साहेबांनी एवढे उपकार केले. गाडी आली त्याहून चकचकीत करून परत द्यावी. डब्यात मेण आणि टर्पेंटाईन घोटून केलेलं पॉलिश होतं. टेबलाला सागवानी रंग यावा म्हणून त्यात गेरू आणि पिवडी, म्हणजे लाल-पिवळी माती, घातलेली. लाकडाला जे चालतं ते पत्र्याला का चालू नये? जुना परकर फाडला, पदर खोचला, आणि बॉनेटपासून सुरुवात केली.

पहिली दहा मिनिटं काय सांगू, गाडी पेढ्यासारखी दिसत होती. मी एक दारही उरकलं. चार पावलं मागे जाऊन बघितलं तेव्हा लक्षात आलं की साय गेली आणि चहा आला. तोवर ऊन झाडाच्या फांद्यांतून थेट बॉनेटवर उतरलं होतं. मेण पाघळलं. वाऱ्याची एक वावटळ आली, धूळ बसली, आणि वरून कडुनिंबाचा मोहर गळायला लागला. अनारशाला खसखस लागावी तशी ती बारीक फुलं बॉनेटभर चिकटली.

मी पाणी ओतलं. पाण्याचे नुसते मणी झाले. पदरानं पुसलं, पदर चिकटला. यांची नोकरी, साहेबांचं नाव, सासूबाईंचे टाके, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मग मला माझा सर्वांत मोठा उपाय सुचला. मोरीवरून राख आणि काथ्या आणला. पातेली निघतात, तर गाडी का निघणार नाही?

काथ्या पत्र्याला टेकणार, एवढ्यात फाटकातून आवाज आला, "सूनबाई, हात मांगं घ्या."

आवाज चढवलेला नव्हता. तरी माझा हात आपोआप मागे गेला.

काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरचं एक फूल नखानं उचलून बघितलं.

"हे काय करून राह्यल्या होत्या?"

"पॉलिश," मी म्हटलं.

"हाव, ते दिसून राह्यलं. टेबल समजून केलं का मोटार समजून?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "काका, पाचच्या आत वरून काहीतरी लावा. पांढरं काहीतरी. झाकून टाका."

ते आता 'आधी काढाव लागते' म्हणणार, हे मला पाठ होतं. पण ते तेही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तापलेलं काही काढाचं नसते. थंडं होऊ द्या."

आम्ही दोघांनी गाडी ढकलत भिंतीच्या सावलीत नेली. मग ते खुशाल मांडी घालून बसले. ओसरीवरचं घड्याळ दोनचे ठोके देऊन मोकळं झालं, तरी काका बसलेलेच. मी येरझाऱ्या घालतेय. शेवटी उठले, बॉनेटला उलटी बोटं लावली आणि मान हलवली.

आधी बॉनेट उघडून आतल्या कडेला टर्पेंटाईनचा एक थेंब लावून बघितला. रंग जागचा हलला नाही. मग जुन्या धोतराचे मऊ तुकडे, थोडं टर्पेंटाईन, आणि लहान लहान गोल. एक तुकडा मळला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. मला रिठे उकळायला बसवलं. त्या पाण्यानं सगळं धुतलं. साडेचारला चहातून साय परत वर आली.

त्यांनी डोळे मिटून बॉनेटवरून हात फिरवला.

"निंघालं," ते म्हणाले. मग डोळे उघडून, "गाडीचं तं निंघालं. तुमचं कधी काढता?"

"माझं काय?"

"सायबाले सांगाव लागन ना. नाही तं मनात चिकटून राह्यते, मोहरावानी."

मी आत जाऊन चहा केला. न्हाणीघरातला तो कप तिथेच राहू दिला. पाहुण्यांसाठीच्या फुलाफुलांच्या कपांतले दोन काढले, एक त्यांना, एक मला. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, "आपलेच आहेत." ते कपाकडे बराच वेळ बघत होते. पिशवीत घातलेला हात त्यांनी तसाच रिकामा बाहेर काढला आणि चहा प्याले. साखर कमी आहे, एवढं मात्र म्हणाले.

हे पाचला आले. सांगितल्यावर चेहरा उतरला. "साहेबांपुढे अक्षर काढायचं नाही," म्हणाले. मी आभार मानायला येते असं सांगून गाडीत बसले, आणि साहेबांच्या पोर्चमध्ये उतरल्या उतरल्या सगळं बोलून टाकलं. राखेसकट. हे गाडीच्या पलीकडे असे उभे होते की जणू माझा नि त्यांचा परिचय नाही.

साहेबांनी चष्मा काढला. बॉनेटवर वाकले, दारावर वाकले. "कशानं काढलं?"

"टर्पेंटाईन आणि रिठे."

साहेबांनी घराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली केला. "सूनबाई, पहिल्या वर्षी मी हिला खोबरेल चोळलं होतं. मुंग्या झाल्या. घरात अजून कोणाला ठाऊक नाही." मग नेहमीच्या आवाजात, "त्या माणसाला माझ्याकडे पाठवा. कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटांना पॉलिश करायचं आहे."

परतताना आम्ही पायीच आलो. इतकी हलकी मी लग्नानंतर पहिल्यांदाच चालत होते. कोपऱ्यावर हे हसायला लागले ते घरापर्यंत.

पुढे पंधराएक वर्षं काका येत राहिले. न्हाणीघरातला कप कधी गेला कोणाला कळलं नाही. मला कळलं, कारण मीच तो फोडला. शेवटचे आले तेव्हा डबे नव्हते, सायकलही नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. टेबलाशी बसले आणि सवयीनं हात फिरवला.

"कोनं केलं?"

"मी केलं, काका."

"आधी काढलं होतं?"

"काढलं होतं."

हात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, आणि डाव्या कोपऱ्यात थांबला. ते गालात हसले. "इथं राह्यलं. पुढच्या बारीले मी पाहून घेईन."

पुढची बारी आली नाही.

टेबलाला त्यानंतर मी कितीतरी वेळा पॉलिश केलं. त्या कोपऱ्याला अजून हात लावलेला नाही. ते काम त्यांनी घेतलेलं आहे.