मागच्या अंगणातला माणूस

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी गिरणीची जीप दारात उभी होती आणि सगळी गल्ली तिच्याभोवती. १९८३ साल. गाव म्हणजे इचलकरंजी नव्हे, ती चार वर्षांपूर्वीच सुटली होती. हे इंडोनेशियातलं, जावा बेटावरचं एक खेडं, भातखाचरांच्या मधोमध, गिरणीपासून सायकलवर वीस मिनिटांवर. बायकांनी केळीच्या पानांत भाताच्या पुड्या बांधून आणल्या होत्या. आमची तीन वर्षांची रोहिणी या कडेवरून त्या कडेवर फिरत होती. लोखंडी ट्रंक जीपमध्ये चढवली ती गिरणीच्या कोठारातल्या वारसितोने, एका हाताने. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता, कारण तो हात आता तसाच राहायचा. मी तेव्हा जीपच्या पलीकडे जाऊन पाण्याची बाटली शोधत होते. बाटली माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच होती आणि ते मला माहीत होतं.

हे लिहिते आहे ते मायदेशी राहिलेल्या माझ्या बहिणींसाठी, आणि माझ्यासारख्याच बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेल्या बायकांसाठी. पत्रात तुम्ही नेहमी विचारता, अमेरिकेत सुरक्षित वाटतं का गं? मी हो लिहिते आणि पुढच्या ओळीत रोहिणीची शाळा आणते.

आमच्या बाबांकडे गावची पोलीस पाटीलकी होती हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘जीवित व वित्तहानी नाही’ हे वाक्य त्यांनी जन्मभर सरकारी कागदांवर लिहिलं. जावाचं गाव त्यांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते. तिथे कुलूप कुणाकडे नव्हतंच. रात्रीच्या गस्तीची पाळी घरटी एकाला यायची. ह्यांची गुरुवारी, म्हणजे दिवसभर गिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहून रात्री पुन्हा कंदील घेऊन फिरायचं. प्रत्येक घर दाराशी एका करवंटीत मूठभर तांदूळ ठेवायचं. गस्तवाले जाताना ते गोळा करत. सकाळी करवंटी रिकामी दिसली की समजायचं, रात्री कुणीतरी आपल्या दारावरून गेलं होतं. तो तांदूळ मग गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाई. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, त्या रिकाम्या करवंटीने मला जितका धीर दिला तितका कुणी दिला नसेल.

प्रत्येक चौकात एक पोकळ लाकडी ओंडका टांगलेला असे. त्याला उभी चीर पाडलेली, सोबत एक दांडकं. कंतोंगान म्हणतात त्याला. कुणी वारलं तर संथ एकेक ठोका, चोर दिसला तर दोन-दोन, आग लागली तर तीन-तीन. दोन-दोन ठोके पडले की त्या दिवसाच्या पाळीचे चार-सहा जण येत. पण ठोके न थांबता, एकसारखे पडले तर त्याचा अर्थ जिवावर बेतलंय, आणि मग हातात असेल ते घेऊन सगळं गाव धावे. गावप्रमुख पाक हार्जो यांच्या बायकोने मला हे तांदूळ निवडता निवडता शिकवलं होतं. पाक म्हणजे काका, बू म्हणजे काकू. बू हार्जोंनी माझ्याकडून दोनदा पाठ करून घेतलं आणि मी पहिल्या नंबराने पास झाले होते.

ब्याऐंशी सालातली दुपार. तीन वाजले असतील. रोहिणी झोपली होती. मागच्या अंगणात लोखंडाचा आवाज झाला म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर एक अनोळखी तरुण, उघडाबंब, आमच्या हातपंपाचा दांडा काढून हातात घेऊन उभा. त्याने वर पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि तो एक पाऊल पुढे आला. मी पोरीला उचललं, पुढच्या दाराने चौकात पळाले आणि ठोके देऊ लागले. दोन-दोन द्यायचे हे मला आठवत होतं. पण हात थांबेना. एकसारखा चालूच राहिला.

गाव आलं. ज्यांनी मला मुलीसारखं वागवलं, तीच माणसं. कोयते आले, कुदळी आल्या. तो तरुण शेजारच्या गावचा होता, त्याला कुणी तोंडओळखीनेही ओळखत नव्हतं, आणि तो काय ओरडत होता ते त्या गलक्यात कुणाला ऐकूही आलं नाही. मला ऐकू आलं. तो ह्यांचं नाव घेत होता. पाक हार्जो धावत आले आणि त्याच्या अंगावर आडवे पडले, म्हणून तो वाचला. पाठीवर दोन दणके त्यांनाही बसले.

वारसितो गिरणीत नवा लागला होता. पंपाचा वायसर गेलाय, तेवढा बदलून ये, म्हणून ह्यांनीच त्याला पाठवलं होतं. मला सांगायचं राहून गेलं. इतकं साधं. उजव्या हाताचं हाड कोपराजवळ असं मोडलं की ते पुन्हा नीट बसलंच नाही. मागावर त्या हाताने काम होईना, तेव्हा ह्यांनी खटपट करून त्याला कोठारात लावला. ज्यांनी मारलं त्यांनीच पुढे पाळीपाळीने त्याची शेती केली, दोन हंगाम. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बू हार्जो तर म्हणाल्या, तू परकी, घाबरलीस, होतं असं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांना मी त्या मारहाणीचं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: “जमाव माझ्याही हाताबाहेर गेलेला आहे. माणूस जगला, हे वाचून जिवात जीव आला. त्याच्या घरी तू स्वतः गेलीस का?” मी गेले नव्हते. डब्यातून रस्सा पाठवत होते, दूध पाठवत होते, ह्यांना पाठवत होते. उत्तरात मी बाबांना तिथल्या फणसांबद्दल लिहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग धाकट्या दिरांनी स्पॉन्सर केलं आणि आम्ही इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावी आलो. मोटारींच्या सीटचं कापड विणणाऱ्या कारखान्यात ह्यांना काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात जाऊबाईंनी मला घर समजावून दिलं. “कुणी नॉक केलं ना, तरी दार ओपन करायचं नाही हं वहिनी. आधी विंडोमधून चेक करायचं. डाऊट आला की सरळ पोलिसांना फोन. इथे सगळं सेफ आहे, फक्त आपण केअरफुल राहायचं.” कोपऱ्यावर पाटीच होती, या वस्तीवर शेजाऱ्यांची नजर आहे म्हणून. पाटी वाचली आणि मी शाल डोक्यावरून गच्च ओढून घेतली. जाऊबाईंना वाटलं, मला थंडी बाधली.

पाच वर्षं मी त्या फोनला त्या कामासाठी हात लावला नाही. एकदा शेजारच्या गॅरेजमधून धूर येत होता, तरी मी धावत ह्यांना उठवायला गेले.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दुपारचे चार, बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारच्या डॉरथीचा फोन आला. तुमच्या बॅकयार्डमध्ये एक माणूस शिरलाय, काळा आहे, किचनच्या खिडकीतून आत बघतोय, मी पोलिसांना बोलावतेय. एका दमात सगळं. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. माणूस होता. हातात लोखंडी काहीतरी होतं.

“डॉरथी, थांब. मी आधी त्याला विचारते,” मी म्हणाले. तिला वाटलं माझं इंग्लिश चुकलं.

“ममी, डोंट! प्लीज डोंट ओपन इट!” रोहिणी माझा स्वेटर ओढत होती. मी शूर नाही. कोट चढवायचंही सुचलं नाही, साडीवरच मागचं दार उघडलं.

मला पाहताच त्याने हातातलं खाली टाकलं आणि दोन्ही हात वर केले. मी काही म्हणायच्या आत. मी त्याचं नाव विचारलं. ते ऐकून तो जरा गोंधळलाच. रेमंड, म्हणाला. गाडी वळणावर चरात घसरली होती, हीटर बंद, आत म्हातारी आई. बर्फ उकरायचं खोरं हातात घेऊन त्याने चार दारं वाजवली होती. चारही घरांत दिवे होते. आमच्या पुढच्या दाराची बेल बिघडलेली, म्हणून तो मागे आला.

पोलिसांची गाडी आलीच. तोवर त्याची आई आमच्या किचनमध्ये बसली होती, पाय कोमट पाण्यात आणि हातात आल्याचा चहा. मी दारात उभी राहून सांगितलं, आमचे पाहुणे आहेत. पोलिसाने मला दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाक हार्जोंना पत्र लिहायला बसले, कारण वारसितोला वाचता येत नाही. सहा वर्षांत भाषा गंजली होती. माफीला त्यांचा शब्द माआफ, तेवढा मात्र शोधावा लागला नाही. मी लिहिलं की दोन-दोन ठोके द्यायचे हे मला माहीत होतं. त्याच्या तोंडून ह्यांचं नाव मी ऐकलं होतं, तरी ओरडून कुणाला थांबवलं नाही. आणि त्यानंतर वर्षभर मी त्याच्या घराची वाट टाळली. हे ह्यांनासुद्धा मी तोवर सांगितलेलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. पाक हार्जोंचं अक्षर, पण बोल वारसितोचे. त्याला दुसरा मुलगा झालाय. भात बरा आहे. मग लिहिलं होतं: “त्या दिवशी बाई घरात एकट्या आहेत, असं वाटून मला पुढच्या दाराशी जायचा संकोच वाटला. म्हणून मी मागून गेलो. पुढून येऊन हाक मारायला हवी होती. चूक माझी झाली. बाई घाबरल्या, त्याची मला माफी असावी.”

मी ते पत्र ओट्याशी उभी राहून वाचलं आणि खालीच बसले. रोहिणीने विचारलं, “हू डाइड?” ह्यांना मी भाषांतर करून ऐकवलं, तेव्हा हे बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचं बर्फ ओढत राहिले. बर्फ फारसं उरलंही नव्हतं. मला रडू आलं तसा रागही आला. सात वर्षं हा माणूस माझी चूक आपल्या अंगावर घेऊन बसला होता आणि मी त्याला बसू दिलं होतं.

घर कुठलं, असं इथे सगळेच विचारतात. आजवर मी इचलकरंजी सांगत आले, आणि इचलकरंजीत नोव्हाय सांगते. दोन्हीकडे माझं सगळं आलबेल आहे. पण जिथे गेल्याशिवाय मला स्वस्थता नाही अशी जागा एकच आहे, आणि ते घर तर मी कधी पाहिलेलंही नाही. ऑगस्टचं तिकीट काढलंय. ह्यांना सुट्टी नाही, मी आणि रोहिणी दोघीच जातोय. वारसितोच्या गावात मला कुणी ओळखणार नाही. त्याच्या पुढच्या दाराशी उभी राहीन, माझं नाव सांगेन, चूक त्याची नव्हती हे सांगायला आलेय म्हणेन, आणि ‘आत या’ म्हणेपर्यंत उन्हात थांबेन.