मागं झुकलेली पिशवी

माझी गर्भपिशवी मागं झुकलेली आहे, हे माझ्याआधी माझ्या सासूबाईंना कळलं. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात मी हिरव्या पडद्याआड टेबलावरून उतरत होते, परकराची नाडी सापडत नव्हती, आणि पडद्यापलीकडं डॉक्टरीणबाई सासूबाईंना सांगत होत्या, "पिशवी जरा मागच्या बाजूला झुकलेली आहे. बाकी ठीक." मी बाहेर येईपर्यंत त्या दोघींचं माझ्याविषयी बोलून झालं होतं. 'बाकी ठीक' हे शब्द पडद्यापाशीच राहिले. घरापर्यंत काही आले नाहीत.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आता कारण सापडलं म्हटल्यावर सासूबाईंना हायसंच वाटलं. रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "पीळ पडलाय म्हण की!"

आमचं घर म्हशीवाल्यांचं. भर वस्तीत गोठा, चौदा म्हशी, सकाळ-संध्याकाळ कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. अशा घरात बाईच्या शरीराची लाज कमी आणि माहिती फार. फक्त ती सगळी माहिती म्हशीची असते. म्हशीच्या पिशवीला पीळ पडला की डॉक्टर तिला आडवी पाडतात, पोटावर फळी ठेवतात, वर एक माणूस उभा राहतो आणि बाकीचे तिला लोळवतात. पीळ सुटतो, रेडकू बाहेर येतं. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तो पीळ गाभण म्हशीला पडतो. माझं तर गाभण राहण्यापाशीच अडलं होतं. हे मी सासूबाईंना सांगितलंसुद्धा.

"तू काय जनावरांची डॉक्टरीण हायस?" त्या म्हणाल्या.

फळी तेवढी आणली नाही, हे त्यांचे उपकार. बाकी सगळं झालं. एक पोट चोळणारी म्हातारी यायची. ती बेंबीच्या खाली बोटं रुतवून पिशवी 'पुढं घ्यायची'. मी ओरडले की सासूबाई दारातून विचारायच्या, "आली का पुढं?" जणू बस आगारातून सुटली का विचारतायत. मग पालथं झोपायचं. मग गुडघे पोटाशी घेऊन डोकं खाली, अर्धा तास. त्या अवस्थेत मी घरातल्या सगळ्या पलंगांच्या खालची धूळ पाहिली आणि नंतर झाडूनही घेतली. सून रिकामी बसलेली आमच्यात कुणाला चालत नाही, उलटी असली तरी.

दवाखान्याचंही चालूच होतं. नळ्यांत औषध सोडून फोटो काढायचा. "थोडंसं दुखेल हां," असं म्हणतात. दात घट्ट आवळून मी छतावरच्या पंख्याची पाती मोजत होते. तीनच होती, पण मी बरीच मोजली. नळ्या मोकळ्या निघाल्या. मग क्युरेटिंग. एकदा नाही, दोनदा. मग बेंबीतून दुर्बीण. भुलीतून शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि घरातलं कोणीतरी खाटेशेजारी बसून कट्ट्यावर आज दूध कमी पडलं ते सांगत होतं. प्रत्येक वेळी अहवाल चांगला यायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटायचं. काहीतरी सापडलं असतं तर निदान ते तरी माझं असतं.

मी घरातली गोष्टी सांगणारी. चार माणसं जमली की पुतण्या म्हणतात, "मोठी काकी, सांग की गं." मी या सगळ्याच्याही गोष्टी केल्या. उलटं राहून झाडलेली धूळ, पोट चोळणारी म्हातारी, सगळं. बारशाला सांगितलं, डोहाळजेवणाला सांगितलं. बायका डोळ्याला पदर लावून हसायच्या. दुसऱ्यांच्या बारशात माझी जागा तेवढीच होती, मग ती तरी नीट भरावी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी सांगत नव्हते.

पहिल्याच भेटीत त्या डॉक्टरीणबाईंनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. एक माझ्या रक्ताची. दुसरी नवऱ्याच्या तपासणीची. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलंही, "मिस्टरांचा रिपोर्ट?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "माझ्या लेकाला काय धाड भरलीया? सकाळी तांब्याभर धारोष्ण पितोय त्यो!"

डॉक्टरीणबाई हसल्या. बाहेर रांग होती. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. आणि ती चिठ्ठी? ती मीच घडी घालून फाईलच्या मागच्या कप्प्यात सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं. आमचे मालक समोर बसले होते, त्यांची मान खाली गेली होती, आणि ती मान मला बघवली नाही. माझं काय, मला टेबलावर चढायची सवय झालेली होती.

त्याच वर्षी आमची एक म्हैस तीनदा भरवूनही गाभण राहिना. हेच आमचे मालक, गोठ्यात जनावरांच्या डॉक्टरवर गरजले, "म्हशीत खोट न्हाय, आधी तुमची कांडी तपासा की!" डॉक्टरनं ती वीर्याची कांडी बदलली. म्हैस गाभण राहिली. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मीही त्यातला एक खाल्ला, आणि तो मला गोड लागला. काय म्हणावं या बाईला? माझ्या तोंडापर्यंत आलेलं वाक्य मी पेढ्याबरोबर गिळलं.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. यंदा माझी पाळी बिघडली. पंधरा-पंधरा दिवस थांबेना, जिना चढताना धाप लागायला लागली. सासूबाई आता ऐंशीच्या पुढं आहेत, डोळे गेलेत, आवाज तेवढाच आहे. त्यांनी खाटेवरून निकाल दिला.

"काढून टाक ती पिशवी. कवा कामाला आली का?"

आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या आहेत. काढायलाही माझी हरकत नव्हती. पण 'कामाला आली नाही' म्हणून काढायची, हे मात्र मला घशाखाली उतरेना.

जुना दवाखाना बंद झालाय. नवीन डॉक्टरीण माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं सोनोग्राफी केली, आतला बारीक तुकडा तपासणीला पाठवला. आठ दिवसांनी आम्ही दोघं नवरा-बायको अहवाल ऐकायला गेलो. तुकडा साधा निघाला, कॅन्सर वगैरे काही नाही. एक लहान गाठ होती. ती म्हणाली, "काकू, आधी गोळ्या घेऊन बघू. पिशवीत तांबीसारखी एक औषधाची टी बसवता येते. लगेच काढायची काही गरज नाही."

मी म्हटलं, "पण ती मागं झुकलेली आहे ना?"

"मग?"

"म्हणजे तिच्यामुळंच तर मूल नाही झालं."

तिनं माझी जुनी फाईल पुढं ओढली. "असं कोण म्हणालं? बऱ्याच बायकांची तशी असते. कुणी डावखुरं असतं ना, तसं. नुसती झुकलेली म्हणून मूल अडत नाही." ती एकेक पान उलटत गेली. नळ्यांचा फोटो, दुर्बिणीचा कागद. "सगळं नॉर्मल आहे की तुमचं. काकांचा रिपोर्ट कुठंय?"

ती मागच्या कप्प्यात बोट घालत होती तेव्हा मला तिचा हात धरावासा वाटला. चिठ्ठी निघाली. घडीवर पिवळी पडली होती, कडा मऊ झाल्या होत्या. तिनं वाचली आणि टेबलावर ठेवली, आम्हा दोघांच्या मधोमध. हे भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडं बघत राहिले.

दोष यांचा होता असं मी म्हणत नाही. कुणालाच माहीत नाही. माहीत करून घेणं एवढ्याशा चिठ्ठीचं काम होतं, आणि त्याऐवजी मला वीस वर्षं उलटं टांगणं आमच्या घराला सोपं वाटलं.

गाडीवर मागं बसल्यावर मी वाट बघत होते. सिग्नलला हे म्हणाले, "तवा तू का बोलली न्हाईस?"

खरंच की. माझंच चुकलं. पुन्हा.

मी एवढंच म्हटलं, "घरी गेल्यावर तुमच्या आईंना तुम्ही सांगा. एक वाक्य. 'तिच्यात खोट नव्हती', एवढंच."

"सांगतो की."

घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, "कवा काढणार हाय?"

हे चपला काढत होते. एक काढली. दुसरी काढायला मी कधी पाहिला नव्हता इतका वेळ लावला. मग म्हणाले, "न्हाय काढायची म्हणती. गोळ्या दिल्यात." आणि धारेची वेळ झाली म्हणून गोठ्यात गेले. धारेला अजून तासभर होता.

मग मीच खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं. चिठ्ठी, रिपोर्ट, डावखुरं, सगळं. मला वाटलं सासूबाई रडतील. नाहीतर ओरडतील. त्यांनी चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"मला काय कळत नव्हतं व्हय गं?" त्या हळू म्हणाल्या. "पण बाप्याला कोण तपासतंय? आता म्हातारपणी त्याला गल्लीत खाली बघायला लावू नगंस."

हात बराच वेळ गुडघ्यावर होता. मी तो काढला नाही, आणि धरलाही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी रंगवायला सगळं घर जमलं. शिंगांना रंग, गळ्यात माळा. एक पुतणी सासरहून आलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिला सासरी एव्हाना विचारायला लागलेत म्हणे. म्हणाली, "मोठी काकी, ती पलंगाखालच्या धुळीची गोष्ट सांग की."

मी सांगितली. नेहमीसारखी पोट चोळणाऱ्या म्हातारीपासून. सगळे हसले. मग हसू ओसरायच्या आत ती तीनदा भरवलेली म्हैस सांगितली, कांडी सांगितली आणि चिठ्ठीही सांगितली, घडीसकट, मी कुठं लपवली ते पण. या खेपेला कुणी हसलं नाही. पुतणी माझ्याकडं बघत राहिली. हे एका शिंगाला लाल रंग देत होते. दुसरं शिंग तसंच ठेवून उठले आणि म्हशींना पाणी दाखवायला बादली घेऊन गेले.

पाणी मी मघाशीच दाखवलं होतं.