चोवीस मार्कांचं वर्ष

आमच्या घरात दोन खोल्या होत्या आणि त्यातली मोठी मागाची होती. माग खड्ड्यातला. बाबा पाय खड्ड्यात सोडून विणायला बसायचे आणि आम्ही उरलेल्या जागेत जेवायचो, झोपायचो, अभ्यास करायचो. आंधळगावात कोशाच्या रेशमाचं विणकाम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं, पण मी आठवीत गेले तोवर आमच्या गल्लीतले निम्मे माग बंद पडले होते. कोशाचा धागा कधी मिळायचा, कधी महिना महिना मिळायचा नाही. नाही मिळाला की बाबा तुमसरला राईस मिलमध्ये पोती उचलायला जायचे. तिथून परत आले की त्यांची बोटं इतकी खरखरीत झालेली असायची, की धागा हाताला अडकून तुटायचा. माय त्यांच्या बोटांना तेल चोळायची. ताटात भात नेहमी असायचा, वरण असेलच असं नव्हतं. कोणाला दया यावी म्हणून हे सांगत नाही. असं होतं, एवढंच.

बारावी सायन्सला मी इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा दिली आणि रँक चांगली आली. नागपूरच्या मोठ्या सरकारी संस्थेत सीट मिळाल्याचं नेट कॅफेच्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं. गल्लीत पेढे वाटून झाले. मग कागद तपासायला मी आणि बाबा नागपूरला गेलो.

टेबलामागच्या साहेबांनी माझी मार्कशीट दोनदा पाहिली. "बेटा, बारावीला एक्काहत्तर टक्के आहेत. इथे पंचाहत्तर लागतात."

"सर, गणित, भौतिक आणि रसायन मिळून एक्क्याऐंशी आहेत."

"तीन विषयांचं नाही, साऱ्या विषयांचं बघतात."

माहितीपत्रकात ही अट होती. मी ती वाचली होती आणि माझ्या मनानंच तीन विषयांना लावून घेतली होती. आमच्या घरात ते पत्रक वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, जे म्हणेल, थांब, नीट वाच. सहाशेपैकी साडेचारशे हवे होते. माझे चारशे सव्वीस होते. इंग्रजीत अठ्ठेचाळीस, मराठीत एकसष्ट.

बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी मोठी परीक्षा पास झाली ना? मंग लहान परीक्षेचं काहून पायता?"

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "काका, नियम आहे. पुढच्या वर्षी श्रेणीसुधारला बसवा तिला, बारावीचे पेपर पुन्हा द्यायला. मोठी परीक्षाही पुन्हा द्यावी लागेल." आणि त्यांनी मार्कशीट माझ्याकडे परत सरकवली.

परतताना भंडाऱ्याला बस बदलायची होती. स्टँडवर उतरल्यावर बाबांनी विचारलं, "भजे खाशीन का?"

"नाही."

"मले तं भूक लागली," म्हणाले आणि दोघांचे घेऊन आले. मी खाल्ले.

संध्याकाळी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आले. "का गा, सीट भेटली म्हणून पेढे खाऊ घातले ना? मंग कुठी गेली सीट?"

"मार्क नाही पुरले, दादा."

"म्हणजे पास होऊन नापास." मग माझ्याकडे वळून, "इंजिनेर बाई, भंडाऱ्यात साधं बीएस्सी करून घ्या. नाही तं कांड्या भरा मायसोबत. वर्षभर घरी बसलेल्या पोरीले लोक काय म्हणतात, माहीत आहे ना?"

माय कांडीवर धागा गुंडाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाऊजी, तुमचा पोट्टा तीन वर्षांपासून घरी बसून आहे. त्याले तं कोणी काही म्हणत नाही." मोठे बाबा चहा न पिता गेले. मी घरी बसायचं, हे असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. जुलै-ऑगस्ट गणित, सप्टेंबर-ऑक्टोबर भौतिक, नंतर रसायन, मग भूगोल, आणि फेब्रुवारीत भाषा. बाबांनी मागावर बसल्या बसल्या विचारलं, "काय लिवून राहिली?" मी वाचून दाखवलं.

"मागच्या वर्षीबी असंच होतं का?"

"असंच. पण तेव्हा रसायन लांबलं, म्हणून भाषेला वेळच राहिला नाही. या वर्षी लांबू देणार नाही."

"असं एक एक काहून?"

मला राग आला. "तुम्हीच तं म्हणता, मागावर चढवलेलं उतरल्याशिवाय दुसऱ्याले हात लावायचा नाही."

बाबा हसले. खूप दिवसांनी हसले. "ते लुगड्याचं झालं वं बाई. लुगड्याच्या आतलं तसं नसते. इकडं ये." मागावर करवती काठाची साडी होती. आडवा धागा ओढून नेणारे धोटे तीन, दोन्ही काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. "हे तीन धोटे एकाच ओळीत चालतात. आधी अंग विणून घेतो, काठ मंग पाहू, असं म्हटलं तं काठ लागंल कुठी? ओळ भरली का पुढं जायचं. तुले ते एका विषयाचे मार्क मागत नाहीत, साऱ्याईचे मागतात. मंग रोज सारेच धोटे फिरव ना."

बाबा सहावी शिकलेले. मी भिंतीवरचं वेळापत्रक लगेच काढलं नाही, दोन दिवस रुसून बसले. मग काढलं. नवीन कागदावर महिने नव्हतेच, फक्त दिवस होता आणि त्या दिवसात सहाही विषय. इंग्रजीला रोज एक तास, एक पत्र किंवा एक उतारा. मराठीला अर्धा. एखादा विषय राहिला तर तो दिवस मोजायचा नाही.

सुरुवातीला जीव गेला. भौतिकाचं गणित ऐन रंगात आलेलं असताना उठून इंग्रजी पत्र लिहायचं, याचा संताप यायचा. उतारे मी मोठ्यानं म्हणायचे. माय समोर बसून कांड्या भरायची आणि मधेच म्हणायची, "तिथून पुन्हा म्हण."

"तुले इंग्रजी समजते का?"

"नाही. पण तू कुठी अडखळली ते समजते."

जुन्या कॉलेजात श्रेणीसुधारचा अर्ज भरायला गेले तेव्हा क्लार्कनं विचारलं, "पास आहे ना तू? मग पुन्हा कायले? सहाच्या सहा विषय द्यावे लागतील, सांगून ठेवतो." मी म्हटलं, सहाच द्यायचे आहेत. फेब्रुवारीत परीक्षेला गणवेशातल्या पोरींमध्ये मी एकटी साध्या ड्रेसवर. शेजारच्या बाकावरची हळूच म्हणाली, "दीदी, तुम्ही सुपरवायझर आहे का?" मी नाही म्हटलं, तर तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझ्याकडे पट्टी मागितली.

इंग्रजीच्या पेपरात पत्र आलं होतं, तक्रारीचं. नगरपालिकेला, पाण्याबद्दल. तसली पत्रं मी वर्षभरात साठ तरी लिहिली असतील. लिहून झाल्यावर पान उलटून पुढचा प्रश्न घेतला.

निकालाच्या दिवशी बाबा मिलमध्ये होते. मायनं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चारशे शहाऐंशी." ती म्हणाली, "मागितले किती होते?" "साडेचारशे." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारच्यांच्या मोबाईलवरून बाबांना कळवायला गेली. मोठ्या परीक्षेतली रँक मागच्या वर्षीपेक्षा थोडी घसरली होती, पण नागपूरला पुरण्याइतकी होती.

कागद तपासायला पुन्हा मी आणि बाबा गेलो. या वेळी टेबलामागे दुसरेच साहेब होते. त्यांनी मार्कशीट एकदाच पाहिली, शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. बाबांना वाटलं, काहीतरी राहिलं. "झालं का?" त्यांनी मला तीनदा विचारलं.

झालं होतं. चार वर्षांनी त्याच संस्थेतून मी इंजिनिअर होऊन बाहेर पडले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.