अधांतरी खांब आणि शेठची गादी

ती दुपार काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सुरतेत फौजदार होतो. दरारा असा, की मी ठाण्यात नुसता खाकरलो तरी डिंडोलीतले पाकीटमार पाकिटं जागेवर ठेवून यायचे. बायको म्हणते, ह्यांच्या बोलण्यातलं निम्मंच धरा. धरा बापडे, निम्मं धरलं तरी पुष्कळ उरतं. पण आज सांगतोय त्यात कात्री लावू नका. त्याला साक्षीदार आहेत, आणि ते सगळे माझ्यापेक्षा कमी बोलणारे आहेत.

जेवणाचा डबा नुकता उघडला होता. तेवढ्यात एक शेठ आपल्या दोन माणसांसह ठाण्यात शिरला. माणसांनी एका तरुणाची कॉलर धरली होती. शेठची इमारत उधन्याकडच्या रस्त्यावर होती. तळमजल्यावर साड्यांचं मोठं दुकान, वरच्या दोन मजल्यांवर त्याचेच पॉवरलूम. शेठची तक्रार अशी, की हा तरुण पाळी बदलायच्या वेळी जिन्यात आडवा उभा राहिला आणि वर जाऊ नका, इमारत पडेल, असं ओरडून त्याने कारागिरांना अडवलं. अफवा, चिथावणी, धंद्याचं नुकसान. शेठने कलमांचे आकडे सोडून बाकी सगळी फिर्याद तोंडपाठ करून आणली होती. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद केली.

त्या काळात सुरतेत लूम थांबवणारा माणूस म्हणजे एक तर युनियनवाला, नाहीतर शेजारच्या शेठने पाठवलेला. तिसरी जात मी पाहिली नव्हती. मी डबा झाकला, तरुणाला समोर उभं केलं आणि माझा खास आवाज काढला. हा आवाज ऐकून चलथाणच्या साखर कारखान्याचा भोंगा लाजायचा.

कोणाचा माणूस, कोणी पाठवलं, गाव कुठलं? तो जळगावकडचा निघाला. शिकून इथे एका मोठ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात नोकरीला लागलेला. आईसाठी साडी घ्यायला दुकानात गेला होता. दुकानाच्या मधोमध एक काचेचं कपाट होतं, त्याची सरकती काच सेल्समनला काही केल्या सरकेना. छताने कपाटाची चौकट वरून दाबून धरली होती. साडी राहिली बाजूला, हा पठ्ठ्या जिना चढून वर गेला. वरच्या मजल्यावर त्या कपाटाच्या बरोबर डोक्यावर एक खांब उभा होता. खाली त्या जागी काहीच नव्हतं.

"साहेब, खांब वर आहे आणि खाली नाही," तो म्हणाला. "मग तो उभा कशावर आहे?"

मी म्हटलं, ते तू सांग, इंजिनिअर तू आहेस. तर तो उलट मलाच विचारतो, "आत्ता लूम चालू आहेत का?"

चालू होते. याला उचलून आणल्याबरोबर शेठने पाळी वर चढवली होती. ते ऐकलं आणि पोराचा चेहरा पार उतरला.

एवढ्या वर्षांत हजारो माणसं माझ्या टेबलापुढे उभी राहिली. (बरं, शेकडो म्हणा.) त्यातून एक गोष्ट शिकलो. बनेल माणूस चौकशीत स्वतःबद्दल बोलतो. मी असा नाही, माझं घराणं असं, माझी बदनामी झाली. या पोराचा शर्ट फाटला होता, ओठ सुजला होता, पण त्याबद्दल एक अवाक्षर नाही. मी काहीही विचारलं तरी गाडी फिरून तिथेच, लूम थांबवा. मी दम दिला, थांबवा. चहा दिला, तो तसाच निवला. थांबवा.

खात्री करावी म्हणून मी त्याच्या साहेबाला फोन लावला. हा साहेब म्हणजे मोठं प्रस्थ. अर्ध्या सुरतेच्या नकाशांवर त्याची सही, आणि या इमारतीचं डिझाइनही त्याचंच. फोनवर आवाज असा गोड, की बारडोलीचा ऊस फिका पडावा. म्हणाला, पोरगा नवा आहे, उत्साही आहे. असे अधांतरी खांब असतात, हल्ली दुकानं मोकळी हवी असतात म्हणून आम्ही मुद्दाम तसं करतो. जाता जाता त्याने एक वाक्य जोडलं. आजपासून तो पोरगा माझ्याकडे नाही.

मी ते पोराला जसंच्या तसं सांगितलं. "तसे खांब असतात, साहेब. पण त्यासाठी खालचा बीम केवढातरी दांडगा लागतो. इथे तसा असता तर कपाट अडकलं नसतं. माझंही ऐकू नका नि त्यांचंही ऐकू नका. चला आणि बघा."

आता माझी पंचाईत बघा. एकीकडे नावाजलेला इंजिनिअर, शेठ आणि शेठच्या ओळखी. दुसरीकडे फाटक्या शर्टातलं पोर. आणि मला इंजिनिअरिंग म्हणाल तर भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही. पण पोर खरं बोलत असेल, तर वर लूम ठोकत बसलेली माणसं प्रत्येक ठोक्यानिशी स्वतःचाच खड्डा खणत होती. मी टोपी घातली.

आधी वर गेलो. लूमच्या आवाजात माझासुद्धा आवाज बुडाला, यावरून काय ते समजा. मधल्या खांबापाशी उभा राहिलो, तर पायाखालची फरशी तळव्यांना मुंग्या आणत होती. मी लूम बंद करायला लावले आणि सगळ्यांना खाली रस्त्यावर पाठवलं. त्यावर कारागीर माझ्यावरच उखडले. बहुतेक खानदेशातले. त्यांचा जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती पाहणारा पोक्त गडी, हात जोडून म्हणाला, "लूम बंद पडनात ते पोरे काय खातीन, साहेब?" मागून कोणीतरी इंजिनिअरच्या आईचा उद्धार केला. आमच्याबरोबर आलेलं ते पोर ऐकून न ऐकल्यासारखं माझ्या हवालदाराशेजारी उभं होतं.

मी हवालदाराच्या कानात एक काम सांगितलं आणि शेठला घेऊन दुकानात शिरलो.

दुकानात भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या गाद्या. वर नवंकोरं पीओपीचं नक्षीदार फॉल्स सीलिंग, त्यामुळे बीम दिसायची सोय नाही. शेठ म्हणाला, खांब इथे कधी नव्हताच, मोठ्या साहेबांनी सांगितलं ना तुम्हाला. बोलताना त्याला घाम नाही, अडखळणं नाही. कसलेला माणूस होता. पण माझी नजर त्याच्या बैठकीवर गेली. त्याची गादी, तक्क्या, देवाचा फोटो आणि टेलिफोन, सगळा संसार पार दाराजवळच्या कोपऱ्यात. अहो, सुरतेतला शेठ दुकानाच्या मधोमध बसतो. तिथून त्याला गल्ला, गिऱ्हाईक आणि नोकराचा हात, तिन्ही दिसतात. दाराजवळ चपला राखणारा बसतो.

मी म्हटलं, "शेठ, तुमचं पटलं. पोर येडं आहे. लूम चालू करू या. आणि तुमचा चहा राहिलाय, तो इथेच घेऊ, मधोमध, निवांत बसून." असं म्हणून मी कपाटाच्या पुढ्यात मांडी ठोकली.

"साहेब, अहीं पंखो नथी. त्या बाजूला बसू."

"मला पंखा लागत नाही. या, बसा."

शेठ हलला नाही. चहा आला, पोऱ्या तो माझ्यापुढे ठेवून गेला. दुसरा कप निवत राहिला. मी दाराकडे तोंड करून हवालदाराला हाक मारली, की कारागिरांना वर पाठव आणि मेन स्विच टाक. बाहेरून "हो साहेब" आलं. जिन्यावर पावलं वाजली.

"बसा ना, शेठ. तुमचीच गादी आहे."

त्याने एक पाऊल टाकलं. गादीच्या काठापर्यंत आला, वर छताकडे पाहिलं आणि मागे सरकला. "ना साहेब, ना. लूम चालू नका करू. बाहेर या, मी सांगतो."

आणि सांगितलं. एका वास्तुवाल्याने त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की दारासमोर खांब म्हणजे लक्ष्मीला आडकाठी. लूमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बाहेरगावची माणसं बोलावून त्याने खांब फोडून काढला, तिथे फरशी बसवली आणि वर सीलिंग मारून घेतलं. पुढे आठवड्यागणिक कपाट घट्ट होत गेलं, तशी शेठची गादी दाराकडे सरकत गेली. स्वतःपुरता त्याने बरोबर हिशेब केला होता. वरच्या माणसांचा हिशेब त्याने देवाच्या फोटोवर सोपवला होता.

आता माझा लबाडपणाही सांगतो. वर कोणीच गेलं नव्हतं. जिन्यावर हवालदार एकटाच बूट आपटत होता, आणि मेन स्विचचे फ्यूज त्याच्या खिशात होते. माझ्या या हुशारीवर मी भलताच खूश होतो. तोवर इंजिनिअरने सीलिंगचा तुकडा काठीने पाडून बॅटरी मारली. बीमच्या पोटात तळहात शिरेल एवढी भेग, तिच्यातून सळ्या दिसत होत्या. मग तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लूम बंद असले तरी त्यांचं वजन वरच आहे. तुम्ही बसलात तिथे छत कधीही खाली आलं असतं." तो चहा मला आजतागायत पचलेला नाही.

त्यानंतर हुकूम माझा चाललाच नाही, त्याचा चालला. पलीकडे एका इमारतीचं काम सुरू होतं, तिथून लाकडी बल्ल्या आणि लोखंडी टेकू उचलून आणले. एका वेळी दोनच माणसं आत, बाकी रस्त्याच्या पलीकडे. कुठला टेकू आधी, कुठे फळी, पाचर किती ठोकायची, सगळं तो सांगत होता आणि सगळ्यात आधी आत तोच जात होता. मध्येच वरून प्लास्टरचा मोठा पोपडा सुटून कपाटावर आदळला. काचेचा चुरा गादीभर पसरला. तो बाहेर आला, केसांतला चुना झटकला आणि पुढची बल्ली मागितली. उन्हं कलली तेव्हा बीमखाली टेकूंचं जंगल उभं होतं.

शेठवर गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. मोठ्या साहेबाचा जबाब घेतला, तेव्हा त्याच्याच नकाशात तो खांब तळापासून माथ्यापर्यंत नीट उभा असल्याचं दिसलं. म्हणाला, त्या दिवशी फोनवर खरखर फार होती.

इंजिनिअरिंगची पोरं हल्ली भेटतात आणि विचारतात, साहेब, तुम्ही एवढं जग पाहिलंत, आम्हाला दोन शब्द सांगा. मला त्यांची गणितं कळत नाहीत. मी एवढंच सांगतो, की बाबांनो, सही केलेल्या इमारतीत लोक राहायला गेल्यावरही अधूनमधून जाऊन या. मालक काय झाकतोय ते पाहा. नकाशात घर दाखवून वर यंत्रं चढवली असतील तर बोला. फोनवरून इमारत सुरक्षित असल्याचं सांगू नका. आणि खरं बोलल्याबद्दल नोकरी गेली तर जाऊ द्या, पण हार-तुऱ्यांची वाट बघू नका. कारण पडलेल्या इमारतीचा पंचनामा होतो, न पडलेलीचा कोणी करत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. इमारतीला सील लागलं आणि कारागिरांचं काम तुटलं. काही दिवसांनी मी साध्या कपड्यात त्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. ते सगळे तिथेच होते, काम शोधून दमलेले. विषय त्या इंजिनिअरचा. इमारत चांगली धडधाकट होती, त्या दीडशहाण्याने फुकट आमच्या पोटावर पाय दिला, असं जॉबर म्हणत होता आणि बाकीचे त्यात आपापली शिवी घालत होते. एकेकाचा आवाज मी ओळखत गेलो. कोण खोकत होता, कोण हसत होता, कोणी उधारीवर दुसरा चहा मागत होता.

मी त्यांना काही समजावलं नाही. अजून एक कप मागवला आणि बसून राहिलो. त्या पाळीतली सगळी माणसं तिथे होती. एकही आवाज कमी नव्हता.