तीन भिंतींचा पाळणा

"अहो, मी मघापासून एकच ईचारून राहिले, ह्याची चौथी भिंत कुठं हाय?"

"मामी, मी बी मघापासून तेच सांगून राहिलो. ह्याला चौथी भिंत नसतेच."

"मग पाळणा कशाला म्हणता? सोफा म्हणा."

जावई दयानंद सकाळीच लातूरहून गाडीत खोकं घालून नांदेडला आला होता. चहा व्हायच्या आधीच त्यानं ते खोकं उघडलं, ही त्याची पहिली चूक झाली. आता मधल्या खोलीत दांडे, स्क्रू, जाळीचं कापड, एक पातळ गादी आणि लांब पट्टे पसरले होते. त्यातून त्यानं जे उभं केलं होतं, त्याला तीन बाजूंनी जाळी होती आणि एक बाजू सताड उघडी.

"ही उघडी बाजू आईच्या अंथरुणाला चिकटवायची," तो म्हणाला. "पट्टे आईच्या गादीखालून घेऊन आवळायचे. बाळ हाताशी राहतं. पाजलं की परत सरकवायचं, उठायचं काम न्हाई. फक्त अंथरूण वेगळं."

"अजून बारसं व्हायचंय, तर लेकराची वाटणी करून दिली!" सिंधुबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडं वळल्या. "अहो, खोक्यात नीट बघा बरं. एखादी भिंत तळाला राहिली असंल. न्हाईतर दुकानदारानं साधा माणूस बघून काढून घेतली."

किशनरावांनी खोक्यात डोकं घातलं. रेल्वेच्या विभागीय कार्यालयात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. सांगितलेलं काम करायचं आणि वर त्याचा अहवाल द्यायचा, ही सवय काही सुटली नव्हती.

"खोकं रिकामं आहे," त्यांनी आतूनच कळवलं.

पुनम बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, लेक मांडीवर. पाळणा तिनंच मागवला होता. हे दयानंद सोडून कुणाला ठाऊक नव्हतं आणि आईला सांगायचं न्हाई, तुमची हौस म्हणून सांगा, असं तिनं त्याला बजावलं होतं. दवाखान्यात बाळ शेजारच्या छोट्या पाळण्यात निजायचं, तेव्हा पुनमही निजायची. घरी आल्यापासून बाळ तिच्या कुशीत आणि तिची पाठ काही अंथरुणाला लागली नव्हती. बसल्या बसल्या डुलकी यायची, मान पडली की दचकून जाग यायची, मग बाळाच्या नाकासमोर बोट धरून श्वास बघायचा. आपण आडव्या झालो, गाढ झोप लागली आणि कूस बदलताना बाळ अंगाखाली आलं तर, या एका भीतीनं ती जागी होती.

"बाळंतिणीला कुठं झोप येती," असं सिंधुबाईंनी तिचं निदान करून टाकलं होतं.

आणि सिंधुबाईंच्या निदानाला आमच्या गल्लीत कुणी आव्हान देत नाही. लोह्याकडची ही शेतकऱ्याची लेक लग्न होऊन तरोडा नाक्याजवळच्या या गल्लीत आली, तेव्हापासून इथल्या कुठल्याही घरी बाळंतीण आली की पहिला निरोप सिंधुबाईंना जातो. त्या पदर खोचून हजर. बाळाची अंघोळ, आईचा शेक, डिंकाचे लाडू, बाळाला कावीळ दिसली तर दवाखान्यात पळणं, सगळं त्या करतात आणि कुणाकडून साडीचोळीही घेत नाहीत. घेतात ते एकच, गोष्ट. कोणतं पोर कसं जन्मलं, कोणत्या आत्यावर गेलं, पहिल्यांदा कुणाच्या धोतरावर मुतलं, हे सारं त्यांना पाठ असतं. पुढं त्या पोराच्या लग्नात, भर मांडवात, सासरच्या मंडळींना त्या ही गोष्ट सांगतात. गल्लीतले दोन-तीन नवरदेव सिंधुबाई जेवायला बसेपर्यंत बोहल्यावर चढायला तयार नव्हते.

त्यांची बाजही तितकीच प्रसिद्ध. सुतळीनं विणलेली, शिसवी खुरांची. जिथं बाळंतीण, तिथं ही बाज. खाली निखाऱ्याची शेगडी, वर बाळंतीण, कुशीत लेकरू. गल्लीतली निम्मी पोरं या बाजेवर वाढली. घरोघर फिरून बाज आता पोटच्या लेकीसाठी परत आली होती, आणि जावई तिला तीन भिंतींचा सोफा चिकटवायला निघाला होता.

"आन ते राहू द्या," सिंधुबाई मूळ मुद्द्यावर आल्या. "पाळणा माहेरचा असतो. मी सागवानी पाळणा सांगून ठेवलाय, घुंगरं लावून. परवा बारशाला रेणापूरच्या विहीणबाई येतील. पाळणा कुणाचा म्हणतील. मी काय सांगू? आमची ऐपत न्हवती, तुमच्या लेकानंच आणला?"

"तुमचा पाळणा बारशाला हायेच की मामी. हा निजायला."

"म्हंजे आमचा निस्ता फोटूला."

दयानंद लातुरात कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो. उत्तर नसलेला प्रश्न आला की फळा पुसायचा, हे त्याला जमतं. त्यानं पाळणा उचलला आणि बाजेला लावला.

तिथं दुसरी चूक उघडी पडली. पाळण्याची उंची आईच्या अंथरुणाबरोबर पाहिजे म्हणून त्यानं फोनवर किशनरावांना बाजेचं माप विचारलं होतं. किशनरावांनी टेप लावून, दोनदा तपासून, अचूक माप कळवलं होतं. फक्त ते रिकाम्या बाजेचं होतं. पुनम तेव्हा बाळाला दाखवायला दवाखान्यात गेली होती. आता पुनम बसल्यावर बाजेला चांगली झोळी पडली होती आणि पाळणा तिच्या खांद्याशी आला होता.

"वा!" सिंधुबाई म्हणाल्या. "लेकरू माडीवर, आई तळघरात. पाजताना शिडी लावायची का?"

दयानंदनं पाळण्याचे पाय आणखी खाली सरकवायचा प्रयत्न केला. ते आधीच शेवटच्या खाचेत होते.

"बाजेखाली विटा लावू," किशनराव म्हणाले आणि कुणी हो म्हणायच्या आत परसातून विटा घेऊन आले. विटा लागल्या. पुनम बसली की बाज पाळण्याला बरोबर लागे. ती जरा सरकली की एक बाजू वर येई, दुसरी खाली जाई. किशनराव गुडघ्यावर बसून प्रत्येक वेळी "आता बरोबर", "आता गेलं", असं कळवत राहिले. शिवाय बाज आणि पाळणा यांच्यात एक फट राहिली. दयानंदनं त्यात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला.

"ही फट चालत न्हाई," तो म्हणाला.

"त्याला काय एवढं!" सिंधुबाईंनी गोधडी आणून फटीत कोंबली.

"मामी, गोधडी बी न्हाई चालत. डॉक्टर म्हणले, बाळाजवळ गोधडी न्हाई, उशी न्हाई, खेळणं न्हाई. सपाट घट्ट गादी, आन बाळ उताणं. आन ही शेगडी तर खोलीतच नको. जाळीचं कापड हाय, ठिणगी उडाली तर?"

सिंधुबाईंनी यातलं एकच ऐकलं.

"उशी न्हाई?"

"न्हाई."

"मग अडकित्ता कशाखाली ठेवू?"

बाळाच्या उशाखाली अडकित्ता ठेवल्याशिवाय या घरात आजवर एकही लेकरू निजलेलं नव्हतं. दयानंदनं सासऱ्याकडं पाहिलं. सासऱ्यांनी विटेकडं पाहिलं.

एवढ्यात पलीकडच्या घरातल्या फरीदाभाभी डबा घेऊन आल्या. त्यांच्या सुनेचं बाळंतपणही याच बाजेवर झालं होतं.

"क्या भाभी, तुमचा आवाज कोपऱ्यावर येऊन राहिला. मी म्हणलं, बारसं आजच हाय का काय. पुनमसाठी सुंठ-मेव्याची अछवानी आणली, गरम हाय तोवर प्यायला द्या." मग त्यांनी पुनमच्या तोंडाकडं पाहिलं. "या अल्ला, डोळे किती लाल झाले गं बेटा. झोपत न्हाईस का?"

"ही? आन झोपत न्हाई?" सिंधुबाईंचा चेहरा उजळला. भांडण बाजूला राहिलं. गोष्ट आली होती. "आवो भाभी, हिची कुरडयांची गोष्ट तुमाला सांगितली का न्हाई?"

फरीदाभाभींनी ती गोष्ट निदान दहा वेळा ऐकली होती. "सांगा की," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. ही त्यांची चांगली सवय आहे.

"ही असंल दुसरी-तिसरीला. उन्हाळ्यात म्या वर्षभराच्या कुरडया केल्या. गच्चीवर ह्याच बाजेवर लुगडं हातरून वाळत घातल्या. वाळून अशा कडक झाल्या, पांढऱ्याशुभ्र. ऊन उतरल्यावर काढायला गेले, तर ही बया बाजेच्या कडेला निजलेली. कडेला कसली! लोळून लोळून मधोमध गेलेली. अंगाखाली सगळ्या कुरडयांचा भुगा! पाठीत, केसात, फ्रॉकमधे, जिकडं तिकडं भुगा. अशा काटेरी कुरडया, पर हिला पत्ता न्हाई! हलवून उठवलं, तर म्हणती कशी, आई, जेवायला झालं का?"

फरीदाभाभी अकराव्यांदाही मनापासून हसल्या. किशनराव हसले. सिंधुबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "आजबी तशीच हाय," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "अंगाखाली काय आलं ते हिला कळायचं न्हाई."

दयानंद हसला नव्हता. पुनमही नाही.

"म्हणूनच झोपत न्हाई मी," ती म्हणाली.

"काय?"

"अंगाखाली काय आलं ते मला कळत न्हाई. तूच सांगतीस. दवाखान्यात सांगितलंस, नर्सला सांगितलंस, काल दूधवाल्याला सांगितलंस. माझ्या कुशीत पोरगी हाय आई. कुरडई न्हाई." तिनं पाळण्याकडं बोट केलं. "त्यांनी हौसेनं न्हाई आणला पाळणा. मीच मागवला."

फरीदाभाभींनी डब्याचं झाकण उगाच उघडून परत लावलं.

"येड्यावानी बोलू नको," सिंधुबाई म्हणाल्या, पण हळू. मग त्यांचा आवाज पुन्हा वर चढला. "लेकराला अंगाखाली घेती का कुठं आई? झोपेत बी कळतं आईला. ऊठ तिथून. बस खुर्चीवर, पोरगी घेऊन. मी दाखवते."

त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि बाळंतिणीच्या भाजीसाठी आणलेला दुधी भोपळा घेऊन आल्या. त्याला त्यांनी बाळाच्या दुपट्यात नीट गुंडाळलं. कान-टोपडं तेवढं राहिलं. मग बाजेवर आडव्या झाल्या आणि भोपळा कुशीत घेतला.

"हां. आता बघा समदे. ही मी, हे लेकरू. आता मी झोपले."

त्यांनी डोळे मिटले. घोरल्याचा आवाजही काढला. मग कूस बदलली. बाज करकरली. विटांवरचा एक खूर डगमगला, किशनरावांनी तो पटकन धरला. त्या परत या कुशीवर आल्या.

"झालं? काय झालं का लेकराला?"

"भाभी," फरीदाभाभी म्हणाल्या, "भोपळा कुठं हाय?"

सिंधुबाईंनी कुशीत हात घातला. कुशीत काही नव्हतं. त्यांनी उशाशी चाचपलं, पायाशी चाचपलं. मग हात कमरेखाली गेला आणि तिथंच थांबला.

दुपट्यातला भोपळा झोळीच्या मधोमध जाऊन त्यांच्या अंगाखाली बसला होता. जागेपणी. चार माणसांच्या देखत. आणि त्यांना कळलं नव्हतं.

त्या उठल्या नाहीत. तशाच पडून त्यांनी भोपळा काढला, परत कडेला ठेवला आणि हात काढून घेतला. कुणी ढकलला नाही, तरी भोपळा आपसूक घरंगळत आला आणि त्यांच्या बरगडीला लागला. त्यांनी तो पुन्हा कडेला ठेवला. तो पुन्हा आला.

"सुतळी कधी आवळली होती हिची?" त्यांनी छताकडं बघत विचारलं.

"वर्षाराणीच्या वेळेला म्हणलो होतो आवळू," किशनराव म्हणाले. वर्षाराणी म्हणजे पुनमची धाकटी बहीण, ती आता पुण्यात नोकरीला आहे.

सिंधुबाई उठल्या, निऱ्या झटकल्या, भोपळा दुपट्यातून सोडवून फरीदाभाभींच्या मांडीवर दिला आणि पुनमजवळ गेल्या. वाटलं, तिला जवळ घेतील. त्यांनी बाळाला जवळ घेतलं.

"जावईबापू, तुमचा तो सोफा पलंगाला लागतो का बघा."

पलंग पुढच्या खोलीत होता. लाकडी, घट्ट गादीचा, आणि किशनरावांचा. निवृत्त झाल्यापासून ते त्यावर आडवे पडून बातम्या बघत आणि ही जागा त्यांनी पाहुण्यांसाठीही सोडलेली नव्हती. दयानंदनं पाळणा तिथं नेला, पाय दोन खाचा वर घेतले, पट्टे गादीखालून ओढून करकचून आवळले. मग गादी आणि पाळणा यांच्यामधे बोट घालायला बघितलं. बोट गेलं नाही. त्यानं पाळणा हलवला. पलंगासकट हलला.

"पुनम, झोप इथं."

पुनम आडवी झाली. पलंग काही खाली गेला नाही. सिंधुबाईंनी बाळाला पाळण्यात उताणं ठेवलं. नातीनं जांभई दिली. पुनमनं हात लांब केला, तो बाळाच्या पोटावर सहज पोचला. बाळाला अजून नावही नव्हतं आणि तिच्या आईचे डोळे मिटायला लागले होते.

सिंधुबाई मधल्या दारात उभ्या राहिल्या. घरात कुणी वाद घालायचा नाही, असं त्यांच्या कमरेवरच्या हातांवरूनच कळत होतं.

"ऐका समद्यांनी. पोरगी ह्या पाळण्यात निजंल, पुनम पलंगावर. अडकित्ता पुनमच्या उशाखाली. शेक सकाळी परसात, पोरगी माझ्याजवळ असताना. माझा सागवानी पाळणा बारशाला, आन विहीणबाईंनी ईचारलं तर त्योच दाखवायचा. बाज आत्ता गच्चीवर जाईल. तुमी," त्या किशनरावांकडं वळल्या, "आजपासून खाली सतरंजीवर. आन कुरडयांची गोष्ट ह्या घरात परत कुणी सांगायची न्हाई. कुणी काढलीच, तर सांगायचं, बाज ढिली होती."